मनोऱ्यावरचे चौदा मासे

मी अलास्कात ब्रिस्टल उपसागराकाठी सरकारी मत्स्यजीवशास्त्रज्ञ म्हणून काम करतो, असे रत्नागिरीत सांगितले की "म्हणजे रावस ना?" असा प्रश्न हमखास येतो. रावसाला इंग्रजीत 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण तो सॅमन नव्हे. आमचा सॉकाय सॅमन समुद्रात वाढतो, जन्मनदीत परततो, अंडी घालतो आणि मरतो. कोकणात यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि ते साऱ्यांना आधीपासून ठाऊक असते. इथे मात्र जून-जुलै हाच हंगाम, आणि एगेगिकसारख्या भागात जाळी कधी टाकायची आणि कधी उचलायची, याचे आदेश आम्ही भरती-ओहोटी पाहून काही तासांच्या सूचनेवर रेडिओवरून देतो.

त्यामागे एकच हिशेब असतो. एगेगिक नदीत अंडी घालण्यासाठी ८ ते २० लाख सॉकाय चढले पाहिजेत. उरलेले ते कोळ्यांचे. कमी चढले तर पुढची पिढी तुटते आणि फार चढले तर पिलांना सरोवरातले अन्न पुरत नाही, शिवाय कोळ्यांचा घास जातो. चढणारे मासे आम्ही अक्षरशः मोजतो. नदीच्या दोन्ही काठांवर मनोरे असतात, आणि पाण्यावरची चकाकी कापणारे ध्रुवित काचांचे चष्मे लावलेली मुले रात्रंदिवस दर तासाला प्रत्येक काठावर दहा मिनिटे मासे मोजतात. त्या आकड्याला सहाने गुणले की तासाची गणती मिळते. एवढ्या साध्या पद्धतीवर एवढा मोठा धंदा उभा आहे, याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

त्या दिवशी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, नैर्ऋत्येचा वारा दुसऱ्या दिवशीही पडला नव्हता. वरून मासे पाहण्यासाठीचे आमचे विमान उडणे शक्य नव्हते. नदीमुखाजवळच्या चाचणी जाळ्यात मोजकेच मासे सापडले होते आणि मनोऱ्यावरून सकाळी आलेला आकडा होता चौदा, म्हणजे तासाला चौऱ्याऐंशी. धक्क्यावर एक वयस्क कोळी मला म्हणाला, "मासे उड्या मारताहेत, तुम्ही खिडकीबाहेर तरी बघा." बत्तीस फुटी होडी आणि दीडशे वाव जाळे घेऊन थांबलेला माणूस असेच म्हणणार, असे मी मनात ठरवून टाकले आणि पुढच्या भरतीलाही मासेमारी बंदच ठेवावी अशी शिफारस केली. वरिष्ठांनी ती मान्य केली. त्यांनी एक जरी प्रश्न विचारला असता तर बरे झाले असते, असे आता वाटते.

संध्याकाळी वारा पडला. पाणी नितळ होताच पहिल्याच दहा मिनिटांत हजारावर मासे मोजले गेले आणि रात्रभर ती रांग तुटली नाही. मनोऱ्यापर्यंत पोहोचलेला मासा कोळ्यांच्या हद्दीतून दिवसभरापूर्वीच गेलेला असतो. त्याला परत बोलावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही खवले सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. झाडाच्या खोडासारखी त्यांतही वर्षे वाचता येतात. बहुतेक मासे समुद्रात दोनच वर्षे राहिलेले, म्हणजे लहान चणीचे होते, आणि आमच्या चाचणी जाळ्याच्या आसांतून, म्हणजे भोकांतून, ते निसटले असावेत. शिवाय नैर्ऋत्येचा वारा मासे नदीत लोटतो, ही गोष्ट इथला प्रत्येक कोळी जाणतो. मलाही ती ठाऊक होती. पण मी त्या वाऱ्याकडे केवळ विमान अडवणारी अडचण म्हणून पाहत राहिलो.

मनोऱ्यावरची मुले प्रामाणिक आहेत, पण रकाना कोरा सोडायला त्यांना संकोच वाटतो. लाटांमुळे तळ दिसत नव्हता, तरी जे चौदा दिसले ते त्यांनी लिहिले. 'दिसत नाही' एवढेच लिहिले असते तर मी खिडकीबाहेर नक्की पाहिले असते. अर्थात, "तळ दिसतो का?" हा प्रश्न मीही विचारला नाही.

हंगामाअखेर गणती मर्यादेतच राहिली, म्हणून कागदोपत्री निर्णयाला दोष नाही. कोळ्यांची एक भरती गेली, एवढेच. नियमानुसार त्या खराब तासांचे आकडे रद्द होऊन आजूबाजूच्या तासांच्या सरासरीने भरले गेले. तक्त्यात आता तिथे एक गुळगुळीत चढ दिसतो आणि चौदा हा आकडा फक्त माझ्या खिशातल्या वहीत आहे.