घरच्या कॉम्प्युटरची आवराआवर

आज घरचा कॉम्प्युटर आवरायला घेतला. विंडोज ११ असेल तर आधी सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज उघडून जागा कशाने भरलीय ते पाहावं, मगच हात लावावा.

ज्या आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा बाण असतो तो नुसता शॉर्टकट. तो उडवला तरी प्रोग्रॅम तसाच राहतो, जागाही सुटत नाही. प्रोग्रॅम काढायचा तर सेटिंग्जमधल्या ॲप्समधून अनइन्स्टॉल करावा लागतो. बाण नसेल तर ती खरी फाइल किंवा फोल्डर असू शकतं. उघडून बघितल्याशिवाय डिलीट करू नका.

खरा धोका पुढे आहे. स्टोरेजमधल्या 'टेम्पररी फाइल्स'च्या यादीत 'डाउनलोड्स'सुद्धा असतं. तिथे टिक करू नका, कृपा करून! लाइटबिलं, आधारची पीडीएफ, मुलांचे निकाल, बहुतेक घरांत सगळं तिथेच पडलेलं असतं. ते फोल्डर हाताने, साइझनुसार लावून निवडा. जुने सेटअप आणि झिप लगेच वर येतात.

डेस्कटॉप वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणुकीला (क्लाउडला), जोडलेला असेल तर इथून उडवलेली फाइल क्लाउडवरूनही जाते. फक्त जागा हवी असेल तर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस'.

रिसायकल बिन रिकामा केल्याशिवाय डिस्क मोकळी होत नाही, पण त्याआधी दोन-चार दिवस जाऊ द्या.