ड्यूटेरॉनचा आकार

पुण्यात विद्यापीठातल्या वाचनालयात बसून गेले काही आठवडे मी ड्यूटेरॉनविषयी, म्हणजे जड हायड्रोजनच्या अणुकेंद्रकाविषयी, वाचतो आहे. एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन आणि अवघी २.२२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट बंधन-ऊर्जा. इतके साधे अणुकेंद्रक गोलच असेल, असे कुणालाही वाटेल. मात्र १९३९ साली भौतिकशास्त्रज्ञ इसिडोर राबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते फिरकीच्या (स्पिनच्या) अक्षाच्या दिशेने किंचित लांबट असल्याचे आढळले आणि केंद्रकीय बलाला टेन्सर घटक, म्हणजे फिरकीच्या दिशेवर अवलंबून असणारा भाग, असलाच पाहिजे, हे मानावे लागले.

हा आकार आतून तपासायचा, तर केंद्रकांच्या फिरकी एका दिशेला वळवाव्या लागतात. त्यासाठी जड हायड्रोजनयुक्त अमोनिया गोठवून सुमारे १ केल्विन तापमानाला, ५ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात ठेवतात आणि सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनांचे ध्रुवण, म्हणजे त्यांच्या फिरकींचा एका दिशेला असलेला कल, केंद्रकांकडे वळवतात. (ध्रुवण हा सुंदर शब्द आपण प्रकाशापुरताच ठेवला, याची मला खंत वाटते.) ड्यूटेरॉनची फिरकी १ असल्याने तिच्या +१, ० आणि −१ अशा तीन अवस्था होतात, त्यांपैकी शून्य अवस्थेतील केंद्रकांचे प्रमाण एक-तृतीयांशाहून वेगळे करता आले की टेन्सर ध्रुवण हाती येते, जे एकट्या प्रोटॉनमध्ये संभवतच नाही.

जर्मनीतील हर्मीस प्रयोगाने वायुरूप लक्ष्य वापरून ‘बी-१’ हे रचनाफलन, म्हणजे ड्यूटेरॉनमधील क्वार्कांची वाटणी फिरकीच्या अवस्थेनुसार कशी बदलते हे सांगणारी राशी, प्रथम मोजले. २००५ साली प्रसिद्ध झालेले ते मापन शून्याहून वेगळे निघाले. त्याच मापनाच्या आलेखापाशी मी सध्या थांबलो आहे.