पायलट विझतो, पण कधी विझतो?

साताऱ्याच्या शाहूपुरीतल्या आमच्या घरी अजून पायलटवाला गॅस गिझर आहे. हल्लीचे गिझर मोठ्या सेलांवर चालतात. नळ सोडला की टकटक करून पेटतात, नळ बंद केला की गप्प. आमचा त्यांच्या आधीच्या पिढीतला. बटण दाबून धरायचं, काडी लावायची, आत करंगळीच्या नखाएवढी निळी ज्योत पेटते आणि ती जळतच राहते. पाणी सुरू झालं की तिच्यावर मोठा बर्नर पेट घेतो. सासऱ्यांनी घेतलेला, आतली कॉइल तांब्याची, त्यामुळे भंगारात द्यायला घरात कुणी तयार नाही. सासूबाई तर मुळीच नाहीत. बंब मोडीत काढला त्याचा राग त्यांनी अजून सोडलेला नाही, त्यात हाही काढला तर बोलणंच बंद होईल.

तर या पावसाळ्यात त्याचा पायलट विझायला लागला. सकाळी बरोबर चालायचा. संध्याकाळी यांनी अंगाला साबण लावला की नेमकं गार पाणी, आणि मग न्हाणीघरातून हाका.

मेकॅनिकला बोलावलं. त्यानं झाकण काढलं, आत डोकावला न डोकावला आणि म्हणाला, "काकू, थर्मोकपल गेलंय बघा. बदलून टाकू." बदललं. पुन्हा तेच. परत आला तेव्हा त्याच्याकडे जालीम उपाय तयार होता. "हे बटण तारेनं आवळून ठेवतो, मग विझायचं नाव नाही घेणार."

मी म्हटलं, "अरे, वाऱ्यानं ज्योत विझली तर गॅस येतच राहील की."

"वास येतोय की काकू."

चहा देऊन त्याची बोळवण केली. वास येतो हे खरं, तो यावा म्हणूनच एलपीजीत मुद्दाम मिसळलेला असतो. पण हा गॅस हवेपेक्षा जड. तो फरशीवर पसरतो, कोपऱ्यात साचतो, आणि आपण कांदा परतत उभे असताना नाकापर्यंत यायला वेळ लावतो. तारेनं बटण आवळणं हा आपल्याकडे सर्रास चालणारा प्रकार आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. माझी नोकरी शाळेच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे घरात एक मल्टिमीटर आहे आणि समोरच्याला समजावत बसायची खोडही.

पायलटच्या ज्योतीत एक तांबूस कांडी टोकानं शेकत असते, ती थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापवला की त्यातून थोडीशी वीज निर्माण होते. सीबेक नावाच्या शास्त्रज्ञानं हे 1821 साली दाखवलं. वीज म्हणजे किती? चांगल्या ज्योतीत 25-30 मिलिव्होल्ट, सेलच्या पन्नासाव्या भागाएवढी. तेवढ्यावर आतला एक चिमुकला विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत विझली की कांडी गार होते, चुंबक सुटतो, स्प्रिंग झडप लावून टाकते. मिनिटाच्या आत हा 'टक्' आवाज ऐकू येतो. पेटवताना बटण अर्धा मिनिट दाबून धरावं लागतं ते याचसाठी, कांडी तापेपर्यंत झडप आपल्या अंगठ्यावर असते. म्हणजे तार बांधली की या सगळ्या रचनेचं काम आपण बंद पाडलं. दुखणं तिथंच, फक्त राखणदार घालवला.

माझं म्हणणं एवढंच की काही खोलण्याआधी पायलट कधी विझतो ते बघा. अंगठा काढल्याकाढल्या विझत असेल तर संशय थर्मोकपलवर. तिच्या टोकावर काजळी असेल, टोक ज्योतीबाहेर सरकलं असेल, मागचा नट ढिला असेल, किंवा ती खरंच संपली असेल. ज्योतच मुळात पिवळट, मरतुकडी दिसत असेल तर पायलटच्या जेटमध्ये कचरा असतो. कोळ्यांना ही नळी फार आवडते. मात्र तिथं सुई घालू नका. ते भोक केसाएवढं असतं, सुईनं मोठं झालं की ज्योत कायमची पिवळी. जेट काढून स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि फुंकायचा. मोठा बर्नर पेटताच पायलट मरत असेल तर गॅसचा दाब बघावा लागतो. घरगुती रेग्युलेटर साधारण 30 मिलिबार दाब देतो. रेग्युलेटर जुना झाला, नळी कुठं मुडपली किंवा थंडीत टाकी संपत आली की एवढा मोठा बर्नर सगळा गॅस ओढून घेतो आणि पायलटला काही उरत नाही.

आमचा यातल्या कशातच बसेना. अंगठा काढला तरी जळायचा, ज्योत निळीशार, मीटरवर 27 मिलिव्होल्ट. जुनी थर्मोकपल मी मेकॅनिककडून मागून घेतली होती, मेणबत्तीवर धरून पाहिली तर तीही ठणठणीत. पैसे गेले ते गेले.

मग कॅलेंडरवर लिहायला लागले. दुधाच्या हिशेबाखाली बारीक अक्षरात: विझला, किती वाजता, वारा होता का. माझा सगळा रोख वाऱ्यावर होता. साताऱ्यात आषाढात यवतेश्वराकडून येणारा वारा छत्री उलटी करतो, आणि चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पण नोंदी जुळेनात. झाडं हलत होती तेव्हा पायलट शांत जळत होता, आणि बाहेर पान हलत नव्हतं त्या संध्याकाळी विझला होता.

उलगडा सासूबाईंच्या बोलण्यातून झाला. कॅलेंडर बघत त्या म्हणाल्या, "अगं, खर्ड्याच्या दिवशीच विझतोय की तुझा दिवा."

खरंच होतं. खर्ड्याला मिरच्या भाजायच्या म्हणजे ठसका, म्हणून स्वयंपाकघरात उन्हाळ्यात एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला होता. आणि त्याच सुमारास, झड आत येते म्हणून, मागच्या पडवीला स्लायडिंगच्या खिडक्या लावल्या होत्या. गिझर त्याच पडवीत. आधी ती तिन्ही बाजूंनी उघडी होती, आता ती चक्क खोली झाली होती. घर चहूबाजूंनी बंद, फॅन हवा बाहेर फेकतोय, तेवढी हवा आत कुठून तरी यायलाच हवी. तिला सर्वांत सोपी वाट मिळाली गिझरच्या धुराड्याची. वरून हवा खाली यायची आणि थेट पायलटवर.

खात्री उदबत्तीनं केली. आधी सगळे सांधे साबणाच्या पाण्यानं तपासले, बुडबुडे नाहीत हे पाहिलं, मगच. गिझर चालू करून पेटलेली उदबत्ती वरच्या टोपीच्या कडेशी धरली. फॅन बंद असताना धुराची रेघ टोपीखाली शिरून वर निघून जायची. यांना म्हटलं, फॅन लावा. रेघ एकदम वाकली, टोपीपासून उलटी फिरून माझ्या तोंडावर आली, आणि धुराबरोबर गरम दमट हवेचा झोत. आत ज्योत आडवी झाली, फडफडली, गेली. थोड्या वेळानं 'टक्'.

तो गरम झोत तोंडावर आला तेव्हा मात्र मी सगळ्यांना आधी पडवीतून बाहेर काढलं. कारण तो नुसता वारा नव्हता, गिझरचा धूर होता. पुरेशी हवा न मिळता गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं गरम पाण्यानं सुस्ती आली. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात त्या यामुळेच. गिझर न्हाणीघरात लावूच नये. पडवीत लावला आणि पडवी बंद केली, तरी गोष्ट तीच. त्या मेकॅनिकची तार बांधली असती तर फॅन चालू, ज्योत विझलेली, गॅस सुरू, आणि शेजारी मिरच्यांचा तवा.

दुरुस्ती अगदी साधी निघाली. स्लायडिंगचं एक तावदान कायमचं काढलं, तिथं नुसती जाळी ठोकली. ती कुणी थंडीत पुठ्ठा लावून बंद करू नये म्हणून ठोकलीच. खाली फरशीलगत आणखी एक झरोका पाडून घेतला, आणि बाहेरून पत्र्याची झाप, म्हणजे झडही येत नाही. पुन्हा फॅन लावून उदबत्ती धरली, धूर मुकाट्यानं वर गेला. धुराड्याच्या नळीला मधे एक कोळ्याचं जाळं होतं, तेही काढून टाकलं. रात्री रेग्युलेटर बंद करायचा नियम पूर्वीपासूनच आहे. त्यामुळे सकाळी पायलट पुन्हा पेटवावा लागतो, त्यावरून कुरकुर होते, ती मी ऐकून घेत नाही. गॅसगळतीसाठीचा 1906 हा नंबर फ्रिजवर लिहून ठेवलाय.

खर्डा आठवड्यातून दोनदा होतोय, पायलट जळतोय. सासूबाईंना आता पडवीत भाजी निवडताना पाठीला वारा लागतो, त्यांनी बसायची जागा बदलली. यांना मात्र ते तावदान वाया गेल्याची हळहळ आहे, कोऱ्या काचेचं, तीन बाय चार फुटांचं. माळ्यावर ठेवलंय. साताऱ्यातल्या कुणाला उपयोगी पडणार असेल तर सांगा, घेऊन जा. फक्त गिझरच्या पडवीला लावणार असाल तर देणार नाही.