सराफ्यात आठच्या आधी पोचा

इंदूरला चाललोय म्हणल्यावर ज्याने त्याने एकच सांगितलं, सराफ्यात, म्हणजे दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खाण्याचा असलेल्या तिथल्या बाजारात, रात्री दहानंतर जा, त्याआधी काही नसतं तिथे. आता जाऊन आल्यावर माझं मत असं की दहानंतर जे असतं ते यूट्यूबवर बघायला मिळतं, जायचं असेल तर त्या "काही नसतं"च्या वेळेलाच जावं.

पुण्याहून रात्रीच्या स्लीपर बसने गेलो. बसबद्दल एवढंच की एसीचं झाकण बंद होत नव्हतं आणि ब्लँकेट ओलं होतं, जानेवारीत. सकाळी नवऱ्याच्या मावशींकडे पोचलो, त्यांचं घराणं होळकरांच्या काळापासून तिथलं, आणि दात घासायच्या आत समोर पोहे-जिलबी. इंदुरी पोहे खाली उकळतं पाणी ठेवून वाफेवर गरम ठेवतात, त्यामुळे तासाभराने पण मऊ, आणि त्यात बडीशेप, वरून शेव, कांदा, जिरावण नावाचा तिथला मसाला. मला आवडले. नवरा "आपलेच बरे" म्हणाला, पण तीन प्लेटा खाऊन म्हणाला. मावशींचा आग्रह हा वेगळा विषय आहे, "संध्याकाळी सराफ्यात जायचंय ना, मग दुपारी हलकंच जेवा" म्हणत त्यांनी दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि उकडून-भाजून तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, वाढले. हलकंच!

दुपारी ते बाफले जिरवायला पायी निघालो. राजवाडा आधी बघितला, सात मजले, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी, १९८४च्या दंगलीत बराच जळाला होता, नंतर बांधून काढला. तिथून कुठल्याही गल्लीत घुसा, बाजारच बाजार. बर्तन बाजारात पितळेची एवढी भांडी की उन्हात डोळे दिपतात, खजुरी बाजारात पुस्तकं, सीतलामाता बाजारात साड्या, तिथे माझा तासभर गेला आणि नवऱ्याचा मूड पण. कांच मंदिर बघितलं, भिंती, खांब, छत सगळं काचेचं, सुंदर आहे पण पाय इतके दुखत होते की जास्त थांबलो नाही.

सात-सव्वासातला सराफ्यात आलो तर खरंच खायला काही नाही, दोन्ही बाजूंनी सोन्याचांदीची दुकानं, मधे स्कूटर आणि पैंजण घ्यायला आलेल्या बायका. एका जुन्या पेढीच्या ओट्यावर टेकले. आतले काका उठवतील असं वाटलं तर म्हणाले, "बैठो बेटा बैठो, अभी आधा घंटा ओटला अपना ही है." म्हणजे? तर नंतर त्यांचं नसतं!

मग तो अर्धा तास मी नुसती बघत बसले. आत शोरूमवाली ऐट नाही, पांढरी गादी, लोड, काचेच्या पेटीतला तराजू. एकेक ट्रे मखमलीसकट तिजोरीत गेला. मग एक पोरगा आला आणि त्याने गादीपासून उंबऱ्यापर्यंत असा केर काढला की कोपरा न कोपरा, आणि तो केर बाहेर न टाकता एका पत्र्याच्या डब्यात भरला. मी बघतच राहिले तर काका हसले, त्या धुळीत सोन्याचे कण असतात, साठवून ठेवतात आणि मग ती धुऊन-गाळून सोनं काढणारे लोक असतात त्यांना देतात. सराफाच्या दुकानातला कचरा कधी कचऱ्यात जात नाही, हे मला एवढ्या वयात पहिल्यांदा कळलं.

तोवर गल्लीच्या तोंडाशी हातगाड्या येऊन उभ्या. कोणी हॉर्न मारत नाही, घाई करत नाही. काकांनी शटर ओढलं, कुलुपं लावली, प्रत्येक कुलूप दोनदा ओढून बघितलं, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. आणि ते चप्पल घालतायत तोवर मागून एक माणूस कढई घेऊन हजर. राम राम झाला, त्याने ओट्यावर फळी टाकली, पाणी मारलं, बल्बची वायर वरच्या खिळ्याला अडकवली, आणि मला म्हणाला, "मॅडम, थोडा साइड में." मघाशी जिथे सोनं तोललं जात होतं त्याच्या दोन हातांवर आता किसलेलं मक्याचं कणीस दुधात शिजत होतं. काका लगेच घरी गेले नाहीत, भुट्ट्याच्या किसाची पहिली प्लेट तिथेच उभ्याने खाल्ली आणि "मिर्ची कम है" अशी तक्रार पण केली. पैसे दिले की नाही ते मी मुद्दाम बघत होते, दिले नाहीत.

सगळे सांगतात ती गोष्ट त्यांनी पण सांगितली, की रात्री बाजार जागा राहिला तर चोरीची भीती नाही म्हणून सराफांनीच या लोकांना ओटे दिले. पण मग म्हणाले, पूर्वी कोळशाच्या शेगड्या होत्या, आता लाकडी माळ्यांच्या दुकानांसमोर ओळीने सिलेंडर, घरी जाऊन झोप लागत नाही. आणि मोमो! मोमो म्हणताना काकांचा चेहरा बघण्यासारखा होता.

खाल्लं काय तर, कीस एक नंबर. गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाचे तुकडे, मसाला आणि लिंबू मारून, हे फक्त थंडीतच मिळतं आणि यासाठी मी परत जाईन. खोपरा पॅटिस ठीक. साबुदाण्याची खिचडी वाफेवरची, त्यात फराळी चिवडा आणि मसाला कालवून देतात, छान लागते पण आईला सांगितलं तर ती याला खिचडी म्हणणार नाही. इथली शिकंजी लिंबूवाली नाही, दुधाची घट्ट, एका ग्लासात दोघांचं जेवण. जोशींचा दहीबडा खाल्ला, दह्यासकट द्रोण हवेत उडवून झेलतात आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले एकेक करून सोडतात, मला वाटलं होतं नुसतं शो असेल, पण वडा खरंच मऊ आहे.

शनिवारी मावशींच्या भाचरांना घेऊन परत गेलो, यावेळी सगळे म्हणतात तसं साडेदहाला. चालावं लागलंच नाही, गर्दीच पुढे नेत होती. दर पाच फुटांवर कोणीतरी तोंडात पेटतं पान घेतंय आणि समोर त्याची बायको मोबाइल धरून, नीट नाही आलं म्हणून परत पेटवा. माझ्या ओढणीवर कोणाची तरी रबडी सांडली, सॉरी पण नाही, कारण रेकॉर्डिंग चालू होतं. दहीबड्यापर्यंत पोचलोच नाही. काकांच्या ओट्यासमोर आलो तर कीसवाल्याला घाम पुसायला वेळ नव्हता, आणि त्याच्या शेजारी, काकांच्या अगदी शटरला टेकून, कोणीतरी नवीन माणूस मोमो विकत होता.