ब्रेकमध्ये हवा नव्हतीच

शेडमधल्या फळीवर ब्रेकचा एक मास्टर सिलिंडर पडून आहे, पॅडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलणारा भाग. त्याला काहीही झालेलं नाही. तो दिसला की आमच्या नेहमीच्या मिस्त्रीचा राग येतो, आणि त्याहून जास्त माझा.

गाडी टाटा ४०७, जुनी. मालवणहून कोल्हापूरला मासळी नेते. क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी रात्रभर चासीवर ठिबकत असतं. ब्रेकचे पाईप उघड्यावर तेवढे गंजत नाहीत, क्लिपच्या खाली गंजतात, कारण तिथे ओल अडकून बसते. मेअखेरीस फोंडा घाट उतरताना पॅडल जरा जास्तच खाली गेलं. घरी येऊन गाडीखाली झोपलो, तर मागच्या चाकांकडे जाणारा पाईप एका क्लिपपाशी ओला. नखाने खरवडलं तर पापुद्राच निघाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, गाडी उभीच असणार. ऑगस्टमध्ये पासिंग, आठ वर्षांवरच्या गाडीला ते दरवर्षी करावंच लागतं. म्हटलं, यंदा आपणच करू.

पाईप बदलणं त्यामानाने सोपं गेलं. जुना पाईप न मोडता काढला आणि तोच नमुना म्हणून दुकानात नेला. एकाने सुचवलं, फ्रिजवाल्याकडून तांब्याची नळी घे, हाताने वाकते. अजिबात घेऊ नका. साधं तांबं हादऱ्यांनी कडक होत जातं आणि चिरतं. ब्रेकचा स्टीलचाच पाईप घ्या, आणि तोंड दोनदा दुमडून फुलवून घ्या. तोंड फुलवण्याआधी नट पाईपमध्ये ओवायला विसरू नका. मी विसरलो.

खरा तमाशा हवा काढताना झाला. पाईप उघडला की आत हवा शिरते, ती तेलाबरोबर बाहेर काढावी लागते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, म्हणजे आमच्याकडे मागचं डावं. त्याचा निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, गंजून बसलेला. तेल सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी पाना लावला आणि निपल अर्ध्यात तुटला. मग ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं, उतरवणं आलं. ड्रमला आतून काठ पडलेला, म्हणून लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) पूर्ण आत घेतल्याशिवाय तो निघेना. तेलाच्या दाबाने लायनर बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडर नवा टाकला, तेलात भिजलेले लायनर बदलले. एका बाजूचं बदललं की दुसऱ्या बाजूचंही बदलावं लागतं, तेही केलं. ही लायनर आत घेतल्याची गोष्ट लक्षात ठेवा, मी ठेवली नाही.

पुतण्याला आत बसवलं. मी गाडीखाली, हातात सलाईनची नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलेलं. "दाब. धरून ठेव." निपल सैल, तेल आलं, निपल बंद. "आता सोड." निपल बंद होण्याआधी पाय उचलला तर हवा उलटी आत जाते, म्हणून पुतण्यावर दोनदा ओरडलोही. चारही चाकं झाली. पॅडल खालीच. पुन्हा चारही. पॅडल खालीच. नळीत बुडबुडा एकही नाही, तरी मी तेल काढतच राहिलो. लिटरभर ऑइल गेलं, थोडं मडगार्डवर सांडलं आणि तिथला रंग उतरला (सांडलं की लगेच पाणी ओता). बाटलीत काढलेलं ऑइल परत वापरू नका, ते ओल धरतं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीला फोन केला. गाडी न बघताच तो म्हणाला, "मास्टर सिलिंडर गेला, नवा टाक." टाकला. पुन्हा चारही चाकांची हवा. पॅडल खालीच. दुकानदार वापरलेला माल परत घेईना. जुनाच चांगला होता हे कळायला एक मिनिट पुरलं असतं: पॅडलवर पाय दाबून धरायचा, ते हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठेच गळती नसली तरच सिलिंडरवर संशय घ्यायचा. माझं पॅडल जिथे थांबायचं तिथे ठाम उभं होतं.

शेजारचे आप्पा एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेत. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते छत्री मिटत आत आले, सीटवर बसले, दोनदा पॅडल मारलं. पहिल्यांदा खाली, लगेच दुसऱ्यांदा वर आणि टणक. उतरून म्हणाले, "मेल्या, हवा आसती तर ह्यां मऊ लागला आसता. लायनर किती लांब ठेवलंस ता बघ आधी."

बघतो तर काय, ड्रम काढताना आत घेतलेले लायनर तसेच. पहिल्या दाबात सगळं तेल ते अंतर भरण्यातच संपत होतं. चाक जॅकवर घेऊन अ‍ॅडजस्टर (लायनरचं अंतर कमी-जास्त करणारा) चाक अडेपर्यंत आवळला, मग हाताने फिरेल आणि किंचित घासल्याचा आवाज येईल इतका सोडला. दोन्ही बाजू मिळून अर्धा तास. पॅडल अर्ध्यावर, दगडासारखं. मी आत बसून उगीच वीसेक वेळा दाबून पाहिलं.

पासिंग पहिल्याच फेरीत झालं. आता कोल्हापूरहून परतलो की चासी गोड्या पाण्याने धुतो, आणि क्लिप सैल करून ग्रीस लावतो.

परवा नाक्यावर मिस्त्री भेटला. ब्रेक कसे आहेत विचारलं. चांगले आहेत म्हटलं, तर म्हणतो, "बघलंस? मी सांगलंलंय ना, मास्टर सिलिंडरच गेलो होतो."