गिरणेत सोडायची ट्रंक

आजींचं म्हणणं एकच होतं. ट्रंक उघडायची नाही, आहे तशी गिरणा नदीत नेऊन सोडायची. नातवाला ते पटत नव्हतं, म्हणून त्याने मला बोलावून घेतलं. जुने कागद दुरुस्त करणं हे माझं काम. खानदेशात या कामात बहुतेक वेळा मोडीतल्या सनदा, वतनाचे कागद, भाऊबंदकीतली वाटणीपत्रं हाती येतात, फार तर एखाद्या देवस्थानाची हिशेबवही. फ्रीमेसन या बंद दाराआड विधी करणाऱ्या बंधुसंघाच्या लॉजची, म्हणजे स्थानिक शाखेची, ट्रंक आजवर कुणी माझ्यापुढे ठेवली नव्हती.

गाव चाळीसगाव आणि भुसावळच्या मधलं, रेल्वेमुळे वाढलेलं. गावाचं आणि लॉजचं नाव छापू नका, असं घरच्यांनी सांगितलं आहे, म्हणून देत नाही. आजींचे सासरे त्या लॉजच्या बंगल्यावर दिवाबत्ती आणि झाडलोट करायचे. १९४७ नंतर गोरे साहेब एकेक करून निघून गेले. शेवटच्याने जाताना ही ट्रंक त्यांच्या स्वाधीन केली आणि ‘न्यायला माणूस येईल’ असं सांगितलं. कुणी आलं नाही. सासऱ्यांनी ती माळ्यावर ठेवली आणि घरात कुणाला हात लावू दिला नाही. भूतबंगल्यातली वस्तू, उघडली तर घरावर येईल, असं आजी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आल्या होत्या.

मेसॉनिक हॉलला, म्हणजे लॉजच्या बंगल्याला, भूतबंगला किंवा जादूघर म्हणणारं हे एकच गाव नाही, देशभर लोक असंच म्हणत. बंद दार, दाराबाहेर उपसलेली तलवार घेऊन उभा पहारेकरी, आणि आत काय चालतं ते साहेबाने मडमेलाही सांगायचं नाही. लोकांनी आणखी काय समजायचं?

आजी दारातच बसून राहिल्या. नातवाने कडी काढली. डांबरगोळ्यांचा वास केव्हाच उडालेला होता, उरला होता तो कुबट, कसर लागलेल्या कागदांचा वास. वर कोकराच्या पांढऱ्या कातड्याचा, फिक्या निळ्या किनारीचा एक ॲप्रन होता. त्याखाली कापडाची गुंडाळी. ती मी जमिनीवर अर्धी पसरली आणि आजी उठून आत निघून गेल्या. त्यांचा दोष नव्हता. कापडावर काळी शवपेटी रंगवलेली होती आणि तिच्यावर कवटी आणि दोन आडवी हाडं.

मी ते कापड तसंच ठेवून आधी त्यांच्याकडे गेले. मेसनांच्या तीन पायऱ्या असतात. तिसऱ्या पायरीवर माणसाला एक कथा सांगतात. राजा सॉलोमनचं मंदिर बांधणारा मुख्य कारागीर हिराम याच्याकडे त्याच्या हाताखालची तीन माणसं धंद्याचं गुपित मागतात. तो देत नाही, म्हणून त्याला मारून पुरतात. त्याच्या थडग्याची खूण पटते ती तिथे खोचलेल्या एका डहाळीवरून. चित्रात कवटीच्या वरच्या बाजूला ती डहाळी असते. बाभळीच्या कुळातली. ‘दिलेला शब्द जीव गेला तरी मोडायचा नाही, एवढंच सांगणारं चित्र आहे ते,’ मी म्हणाले. कलकत्त्यात १८८४ साली एका लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त दाखल झाले होते, पुढे तेच स्वामी विवेकानंद झाले, हेही सांगितलं. विवेकानंदांच्या नावाने त्या थोड्या सैलावल्या, पण बाहेर मात्र आल्या नाहीत.

त्यांना बाहेर बोलावलं ते नानांनी. नाना त्यांचे धाकटे दीर, उभं आयुष्य गवंडीकाम केलेले. ट्रंकेच्या तळाशी निळ्या पट्ट्यांना अडकवलेली तीन चांदीच्या मुलाम्याची पदकं निघाली. नानांनी ती धोतराच्या सोग्याने पुसली आणि मोठ्याने म्हणाले, ‘वहिनी, बाहेर या. हाऊ ते गुण्या शे! नि हाऊ ओयंबा!’ तिसरं पदक म्हणजे पाणसळ. तिन्ही गवंड्याची हत्यारं: गुण्या काटकोन बघायला, ओळंबा भिंत उभी सरळ आहे का ते बघायला, पाणसळ सपाटी बघायला. लॉजच्या प्रमुखाच्या गळ्यात गुण्या असतो, त्याच्या खालच्या दोन अधिकाऱ्यांच्या गळ्यात पाणसळ आणि ओळंबा. दगड फोडणाऱ्या, भिंती उभारणाऱ्या कारागिरांच्या संघटना युरोपात होत्या. त्यांची हत्यारं आणि त्यांची भाषा घेऊन बांधकामाशी काही संबंध नसलेल्या माणसांनी पुढे लॉज काढली. २४ जून १७१७ रोजी लंडनमध्ये सेंट पॉलच्या आवारातल्या एका दारूच्या गुत्त्यात चार लॉज एकत्र आली आणि पहिली ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजांवरची मुख्य संस्था, झाली. कलकत्त्यात लॉज आलं १७३० मध्ये, मुंबईत १७५८ मध्ये. साहेबाने गळ्यात ओळंबा घालायचा आणि प्रत्यक्ष ओळंबा धरणाऱ्याने बाहेर उभं राहायचं, हे नानांना काही केल्या पटेना. मलाही ते खटकतं.

खरा ऐवज होता बैठकांच्या वहीत. कातडी बांधणी सुटलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि हिराकस-मायफळाच्या शाईने ठिकठिकाणी कागदालाच भोकं पाडलेली. ही शाई काळी आणि टिकाऊ असते, पण तिच्यातलं आम्ल हळूहळू कागद खात जातं. पानं सुटी करायला मी हाडाची पट्टी वापरली, श्वास लागला तरी तुकडा उडेल अशी स्थिती होती. वहीच्या पुठ्ठ्यात टाचणीने लावलेला अर्जाचा मसुदा सापडला. लॉज काढायची परवानगी मागणारा.

लॉज कुणाच्या मनात आलं म्हणून निघत नाही. तिसरी पायरी पार केलेले निदान सात मेसन लागतात. शेजारच्या एखाद्या जुन्या लॉजची शिफारस लागते. मग तो अर्ज तेव्हा मुंबईच्या वरिष्ठ मंडळामार्फत ग्रँड लॉजकडे जायचा, इंग्लिश शाखेचा असेल तर लंडनला, स्कॉटिश असेल तर एडिंबराला. तिथून सनद येते, तिच्यावर लॉजचा नंबर असतो, आणि ती सनद समोर असल्याशिवाय बैठक भरत नाही. उद्घाटनाला धान्य, द्राक्षासव आणि तेल ओततात. या मसुद्यावर सात सह्या होत्या, आणि सहीपुढे धंदा लिहिलेला: ड्रायव्हर, गार्ड, फोरमन, तारमास्तर. एकही बडा साहेब नाही.

का हवं होतं त्यांना लॉज? मसुद्यात त्याचं कारण दिलं आहे. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशात आली, १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लाइन जबलपूरमार्गे जोडली गेली. गाड्या वाढल्या, माणसं वाढली, पण ती मेसन झालेली असायची मुंबईत किंवा मायदेशी. बैठकीला जायचं तर रजा काढून रात्रभरचा प्रवास. ड्युटीच्या वेळा अशा की दोन माणसांची सुट्टी एका दिवशी यायची नाही. उन्हाळ्यात लू लागून, पावसाळ्यात तापाने माणसं पटापट जात, आणि मागे राहिलेल्या बायकामुलांचं भाडं कोण देणार याची सोय नव्हती. प्रत्येक बैठकीत धर्मादाय पेटी फिरायची. वहीत सगळ्यात जास्त नोंदी तिच्याच आहेत: अमक्या गार्डच्या विधवेला मायदेशी जायचं भाडं, तमक्याच्या मुलाची शाळेची फी.

बैठकीची तारीखही मला फार बोलकी वाटली. पौर्णिमेच्या सगळ्यात जवळचा शनिवार. इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांतली लॉज असंच करत, कारण बैठक संपल्यावर अंधाऱ्या रस्त्याने घरी जायला चांदणं लागे. इथेही तेच. मी हे वाचून दाखवलं आणि आतून आजींचा आवाज आला, ‘आमचे मामंजी हेच सांगायचे! पुनवेच्या रातीच तिथे दिवे लागायचे.’ आणि त्या बाहेर येऊन बसल्या. गावाने ज्या पुनवेची धास्ती घेतली होती, ती कंदिलाचं तेल वाचवायची पुनव होती.

त्या गुप्त विधींचं काय, असं नातू दोनतीनदा विचारत होता. वहीत ते नाहीत. गुप्त भाग लिहायचा नसतो, त्यामुळे वहीत येतं ते फक्त हजेरी, वर्गणी, ठराव, मतदान. मतदानाची छोटी लाकडी पेटीही ट्रंकेत होती. नव्या माणसाला घ्यायचं की नाही, हे पांढऱ्या-काळ्या गोळ्यांनी ठरतं. काळी पडली तर माणूस बाहेर, आणि कुणी टाकली ते कधीच कळत नाही.

अशा काळ्या गोळीमागचं राजकारण मुंबईने चांगलंच पाहिलं होतं. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईच्या लॉजने घेतलं नाही, म्हणून ते पॅरिसमध्ये मेसन होऊन आले, तरी इथे जागा मिळेना. शेवटी डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश शाखेच्या प्रमुखाने १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज भारतीय लोकांसाठी काढलं. आमच्या वहीत बरीच वर्षं सगळी नावं युरोपियन आहेत. मग एक पारशी कंत्राटदार येतो, पुढे आणखी एक, आणि शेवटच्या पानांत एक मराठी आडनावाचे वकील. त्यांच्या शपथेसाठी गीता आणल्याची नोंद आहे. ट्रंकेत खाली बायबल, अवेस्ता आणि ती गीता, तिन्ही एकाच फडक्यात बांधलेली होती. भारतातल्या लॉजांत हीच रीत आहे, ज्याने त्याने आपल्या धर्मग्रंथावर हात ठेवायचा. देव मानणं बंधनकारक, कोणता ते विचारायचं नाही. धर्म आणि राजकारणावर आत वाद घालायचा नाही.

हे सगळं मला आवडतं आणि तरीही पुरेसं वाटत नाही. स्टेशनवर ज्यांचे डबे वेगळे, वेटिंग रूम वेगळी, ते महिन्यातून एका रात्री एकमेकांना ‘बंधू’ म्हणत. त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण ज्या माणसाने प्रत्येक बैठकीआधी दिवे लावले, काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी पुसली, तो दार लागायच्या आत बाहेर जायचा. खर्चाच्या बाजूला त्याचं नाव आहे, ओळीने, महिन्यामागून महिना: दिवाबत्ती व झाडलोट. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एका इंग्रज सेक्रेटरीच्या वळणदार अक्षरात. मी ते बोट ठेवून दाखवलं. आजींनी चष्मा मागवला. इंग्रजी येत नव्हतं, तरी त्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं आणि नातवाला म्हणाल्या, ‘वही गिरणेला जायची नाही.’ नानांनी लगेच विचारलं, पगार किती लिहिलाय. मी आकडा सांगितला. ‘कमीच देत व्हतात,’ ते म्हणाले.

एकाच कागदावर आमचं थोडं अडलं. गुंडाळलेलं एक प्रमाणपत्र होतं, तीन खांबांचं चित्र, एका बाजूला इंग्रजी मजकूर आणि दुसऱ्या बाजूला तोच लॅटिनमध्ये. त्यावर इसवी सनाबरोबर दुसरं एक वर्ष होतं, अठ्ठावन्नशेच्या घरातलं. घरच्यांना वाटलं लिहिणाऱ्याची चूक. चूक नव्हती. मेसन सृष्टीच्या आरंभापासून वर्ष मोजतात, इसवी सनात ४०००, काही ठिकाणी ४००४ मिळवतात. हे प्रमाणपत्र चर्मपत्राचं असल्याने त्याला पाणी लावून सपाट करता येत नाही, आखडतं. ते दमट खोक्यात ठेवून, हळूहळू वजनाखाली उलगडायचं आहे.

स्वातंत्र्यानंतर २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली आणि देशातली अनेक लॉज तिच्याकडे आली. हे लॉज तोवर बंद पडलं होतं. वही कुठे द्यावी यावर घरात अजून एकमत नाही. नातवाला ती धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला द्यावीशी वाटते. रेल्वेच्या लोकांचा इतिहास खानदेशाचाच इतिहास आहे, या त्याच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आजी म्हणतात, आधी त्या पानाचा फोटो मोठा करून द्या, मग बघू. कवटीचं कापड मात्र त्यांनी घरात ठेवू दिलं नाही. ते सध्या माझ्याकडे आहे.

वहीची सुरुवातीची पानं जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीने जोडून झाली. मधला एक गठ्ठा ओलीने चिकटला आहे. तो दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की उघडायचा.