किल्ला कोणाच्या ताब्यात? सहलीच्या परवानगीचा माझा अनुभव

आमच्या पेडणे तालुक्यातल्या शाळेची आठवी-नववीची मुलं अखेर गोव्यातले किल्ले बघून आली. पालकांची संमतीपत्रं, बस, प्रथमोपचाराची पेटी, नाश्ता-पाण्याचे पैसे हे सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. गाडी रुतली ती एका कागदापाशी. पावसाळ्याच्या तोंडावर दिलेला अर्ज थंडी सरत आली तेव्हा मंजूर झाला, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. गोव्यातला दुसरा कोणी इतिहासाचा शिक्षक मुलांना घेऊन निघणार असेल तर त्याचे तरी हेलपाटे वाचावेत, म्हणून हे लिहिते आहे.

हा खटाटोप का केला तेही सांगते. आमची मुलं पुस्तकात रायगड-प्रतापगड शिकतात आणि धडा आला की विचारतात, "बाई, आपल्याकडे किल्ले नाहीत?" विचारणारं मूल हळर्णचं असतं! शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. पोर्तुगीजांनी तो १७४६ मध्ये घेतला आणि त्या विजयाबद्दल त्यांच्या व्हाइसरॉयला आलोर्नाचा, म्हणजे हळर्णचा, मार्क्विस असा किताब मिळाला. ज्या गावाचं नाव थेट पोर्तुगालच्या सरदारघराण्याला लागलं, त्या गावच्या पोराला आपल्या दारातला किल्ला ठाऊक नसावा, हे मला बघवत नव्हतं. हळर्ण आम्ही शाळेतूनच जाऊन पाहिला. बाकीच्यांसाठी रीतसर सहल हवी होती.

यादीत तेरेखोल, शापोरा, रेइश मागूश, आग्वाद, खोर्जुवे आणि थेट काणकोणातला काब द राम घेतला. मुलांनी नुसतं फिरून यायचं नव्हतं. बुरूज मोजायचे, तटाचा नकाशा काढायचा, दरवाजाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहायचं. मुख्याध्यापकांनी सही केली आणि अर्ज मंजुरीसाठी वरच्या एका कार्यालयात गेला. ते कोणतं, हे मी इथे लिहीत नाही.

तिथे पहिला प्रश्न आला, "या जागा कोणाच्या ताब्यात आहेत? त्यांचा ना हरकत दाखला जोडा."

प्रश्न गैर नाही. किल्ल्याच्या तटाला कठडे नसतात, जांभा दगड झिजून सुटा होतो, मुलांची जबाबदारी असते. माझी तक्रार पुढच्या प्रकाराबद्दल आहे. पुरातत्त्व खात्याला पत्र लिहिते म्हटलं, तर उत्तर आलं, "कोणतं पुरातत्त्व? केंद्राचं की राज्याचं?" ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि शोधून सांगायची तयारीही नव्हती. मी शोधून आणलं, तेव्हा संरक्षित स्मारक असल्याचा पुरावा मागितला. तो जोडला, तेव्हा एका अर्जात सहा किल्ले चालत नाहीत असं कळलं. सहा अर्ज केले, तोवर चतुर्थी आली. चतुर्थीला गोव्यात कुठलंच टेबल जागेवर नसतं, हे मी समजू शकते. पण चतुर्थीनंतर त्या टेबलावर नवीन माणूस आला आणि त्याला सहाही किल्ले एकाच अर्जात हवे होते. मी तिथेच उभी राहून तो पुन्हा लिहिला. पुढच्या खेपेला शिपाई म्हणाला, "टीचर, सायब आज ना." सायब परवा होते का, उद्या असतील का, याला उत्तर नाही. दर खेपेला अर्धी रजा टाकून पेडण्याहून जायचं, आणि शाळेत मुलं विचारणार, "बाई, कधी जायचं?"

सगळ्यात जास्त छळलं ते आग्वादने. हे नीट समजून घ्या, कारण तिथे जाणारी प्रत्येक शाळा यात अडकू शकते. आग्वादचा किल्ला पोर्तुगीजांनी १६१२ मध्ये पुरा केला, मांडवीच्या मुखावर डचांपासून राखण करण्यासाठी. तो टेकडीच्या माथ्यापासून खाली पाण्यापर्यंत उतरतो. माथ्यावर खंदक, जहाजांना पाणी पुरवायचं प्रचंड टाकं आणि १८६४ चं दीपगृह. हा वरचा भाग भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे केंद्राकडे आहे. खालच्या भागात तुरुंग होता. कैदी २०१५ मध्ये कोलवाळच्या नव्या कारागृहात गेले आणि इथे राज्य सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये संग्रहालय उघडलं. नाव एक आणि ताबा दोघांकडे. मी दोघांची पत्रं जोडली, तर आक्षेप काय? एका स्थळापुढे एकच दाखला. तक्त्यात एकच रकाना आहे. मी नकाशा काढून दाखवला, वरचा भाग, खालचा भाग, मधला उतार. ते म्हणाले, "किल्ला एकच ना? मग पत्र एकच आणा." असं पत्र जगात कोणीच देऊ शकत नाही, कारण कोणाकडेच पुरता आग्वाद नाही! मी वरच्या अधिकाऱ्यांना भेटायला बसले. दुपारचं जेवण झालं, चहा झाला, खोलीचं दार उघडलं नाही. घरी येताना बसमध्ये मला रडू कोसळलं. मुलांना एक किल्ला दाखवण्यासाठी इतकं कुठे हात पसरावे लागतात?

वाट निघाली ती अशी. आग्वाद हा शब्द एकटा लिहिणंच मी बंद केलं. तक्त्यात दोन वेगळी स्थळं केली. एका ओळीत 'आग्वाद किल्ला, वरचा भाग, दीपगृहासह' आणि दुसऱ्या ओळीत 'आग्वाद कारागृह संग्रहालय, सिकेरी'. दोन ओळी, दोन रकाने, दोन पत्रं. आणि अर्जाच्या शेवटी एक वाक्य घातलं: 'आणखी काही त्रुटी असल्यास त्या सर्व एकाच वेळी लेखी कळवाव्यात.' आवक विभागात शिक्का मारून घेतला, आवक क्रमांक आपल्या प्रतीवर उतरवून घेतला. लेखी त्रुटी कधीच आल्या नाहीत. मंजुरी आली. या एका वाक्याने जे काम केलं ते माझ्या सगळ्या विनवण्यांनी केलं नव्हतं. अर्ज कुठलाही असो, पहिल्याच दिवशी हे वाक्य घाला आणि शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

बाकी किल्ल्यांचं सांगते. शापोरा, खोर्जुवे आणि काब द राम ही राज्याची संरक्षित स्मारकं, १९७८ च्या गोव्याच्या कायद्याखाली. त्यांच्यासाठी राज्याच्या पुरातत्त्व खात्याला पत्र. रेइश मागूशही त्याच यादीत आहे, पण तिथे जायची वेळ ठरवायला किल्ल्यावरच्या व्यवस्थापनाशी बोला. त्यांनी आम्हाला फोनवर नीट माहिती दिली आणि मुलं किती, किती वाजता, एवढंच विचारलं. सोमवारी तो बंद असतो.

तेरेखोल मात्र यादीतून गेला, आणि ते मला फार लागलं. आमच्याच तालुक्यातला किल्ला! खेम सावंतांनी बांधलेला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेला, आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी ज्याच्यावर तिरंगा फडकवला तो. पण त्याच्या आत अनेक वर्षं हॉटेल चालत आलं आहे, म्हणून हॉटेलच्या जागी विद्यार्थी नेता येणार नाहीत असं सांगून ती ओळ सरळ कापली. मग आम्ही केरीच्या किनाऱ्यावर बसून, नदीच्या अलीकडून त्याचं चित्र काढलं. सत्याग्रहाची गोष्ट मी तिथेच सांगितली. तुम्ही मोठ्यांबरोबर पलीकडे जाणार असाल तर केरीची फेरीबोट गाठण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. ओहोटीला पाणी फार उतरलं की फेरी थांबते. मग किरणपाणीच्या पुलावरून आरोंदा, रेडी असा वळसा घालूनच जावं लागतं.

शापोऱ्याला आम्ही सकाळी लवकर चढलो. सह्याद्रीतल्या गडांच्या मानाने ही टेकडीच, पंधरा-वीस मिनिटांत माथा येतो. पण वागातोरच्या बाजूची वाट उभी आणि घसरडी आहे, सुट्या जांभ्याच्या खड्यांवरून पाय सटकतो. मुलं घेऊन जाताना शापोरा गावाकडची वाट धरा. वर पाणी नाही, सावली नाही, आत वास्तू म्हणावी अशी उरलेली नाही. आहे तो तट, आणि तटावरून दिसणारं नदीचं मुख. आदिलशाही ठाण्याच्या जागी पोर्तुगीजांनी १७१७ मध्ये बांधलेला हा किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि दोन वर्षांनी तहात परत गेला. त्याआधी संभाजी महाराजांच्या स्वारीत बार्देशची ही बाजू हादरली होती. मुलांनी बुरूज मोजले, आणि नववीच्या एका मुलीने विचारलं की तटावर माणसं कमी असतील तर एवढी लांब भिंत राखायची कशी. मी वर्षानुवर्षं शिकवते आहे, हा प्रश्न मला आजवर पुस्तकातल्या धड्यावर कोणी विचारला नव्हता.

रेइश मागूशला वेळ राखून ठेवा, घाईत उरकू नका. १५५१ चा किल्ला, १९९३ पर्यंत तुरुंग, आणि दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये लोकांसाठी खुला झालेला. जांभ्याच्या भिंतींची डागडुजी कशी असावी ते इथे कळतं. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रंही आहेत, मुलं तिथून हलेनात. खालच्या चर्चपाशी बस थांबते. आग्वादच्या तुरुंगात मुलांना कोठड्या दाखवा, आणि आधी वर्गात गोवा मुक्ती चळवळीतले नेते टी. बी. कुन्हा यांच्याविषयी सांगून ठेवा. १९४६ मध्ये पकडल्यावर त्यांना इथे डांबलं आणि मग पोर्तुगालला पेनिशच्या तुरुंगात पाठवलं. आधी माहीत असेल तर मुलं योग्य भिंतीसमोर थांबतात.

काब द राम पेडण्याहून राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, त्याला वेगळा दिवस द्या. आताच्या उत्तर कन्नडमधल्या सौंध्याच्या राजाकडून पोर्तुगीजांनी तो १७६३ मध्ये घेतला, पुढे १९५५ पर्यंत तिथेही तुरुंग होता. राम-सीता वनवासात इथे राहिले अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि आत सांत आंतोनचं चर्च आहे. बस दरवाजापर्यंत जाते. समुद्राकडच्या कड्याला मुलांना अजिबात सोडू नका. प्रत्येक दहा मुलांमागे एक मोठा माणूस हवाच, आणि हे अर्जातही लिहा, कारण सुरक्षेचा रकाना भरलेला दिसला की तो प्रश्न तिथेच मिटतो.

राहिलं ते सांगते. जून ते सप्टेंबर या किल्ल्यांवर मुलं नेऊ नयेत, जांभ्यावर शेवाळ येतं. मार्चनंतर उन्हाने हैराण होतात. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ हातात असतो, आणि अर्ज त्याच्या सहा महिने आधी लागतो. मोजणीसाठी टेप, दोरी आणि होकायंत्र एवढं पुरतं. ड्रोन मात्र नको, त्याची परवानगी वेगळी आणि मोठी भानगड आहे.

आम्ही भरलेला तक्ता (किल्ला, तालुका, ताबा, पत्र कोणाला, वर पाणी आहे की नाही, मोठी माणसं किती) मी जपून ठेवला आहे. पुढच्या खेपेला त्यात सत्तरीतला नाणूस घालायचा आहे, दीपाजी राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्धच्या १८५२ च्या बंडात ताब्यात घेतलेला. पत्र या वेळी मार्चमध्येच टाकणार आहे.